प्रवेश तिसऱ्या वर्षाला असतो: कम्युनिटी कॉलेजमधून बर्कलीला जाण्याविषयी

एका ताईंनी विचारलं आहे. मुलगा कॅलिफोर्नियात हायस्कूल संपवतोय. गुण चांगले होते, तरी बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो तिन्हीकडून नकार आला. राज्याबाहेरच्या एका खासगी विद्यापीठात जागा मिळाली आहे, पण खर्च वर्षाला ऐंशी हजार डॉलर्सच्या घरात. मुलगा म्हणतो, जवळच्या कम्युनिटी कॉलेजला (सगळ्यांना प्रवेश देणारं स्वस्त सरकारी कॉलेज, पहिल्या दोन वर्षांसाठी) जातो आणि दोन वर्षांनी बर्कलीला. त्याच्या बाबांना हे अजिबात पटत नाही. "वीस वर्षं इथे राबलो ते पोरगं कुणालाही घेणाऱ्या कॉलेजात जावं म्हणून?" असं ते म्हणतात. विषय कम्प्युटर सायन्स की इकॉनॉमिक्स, तेही ठरलेलं नाही. घर अजून एच-१बी वर आहे, ग्रीन कार्डाच्या रांगेत. ताईंचा प्रश्न सरळ आहे: हे खरंच होतं का, की मुलाची समजूत आहे?

ताई, होतं. दरवर्षी होतं आणि हजारो मुलांचं होतं. मी बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात सोळा वर्षं काउन्सेलर आहे आणि त्यातली बहुतेक वर्षं ट्रान्सफरच्या, म्हणजे इथून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जाण्याच्या, टेबलावरच गेली. तरीही नुसतं "हो" म्हणून तुम्हाला पाठवणं बरोबर नाही. ज्यांचं होत नाही अशीही खूप मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांचं का होत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे.

आधी बाबांबद्दल. माझा धाकटा भाऊ दहावीनंतर कराडला डिप्लोमाला गेला. अकरावी-बारावीला गेलेल्या चुलतभावंडांत तो "डिप्लोमावाला" झाला. लग्नकार्यात कुणी विचारलं की आई घाईने विषय बदलायची. तीन वर्षांनी तो डायरेक्ट सेकंड इयरला पुण्याच्या नावाजलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेला आणि बारावीवाल्यांच्याच बाकावर बसला. पदवीच्या कागदावर डिप्लोमाचं नाव कुठेही नव्हतं. तुमच्या घरातला पेच अगदी हाच आहे. बर्कलीची पदवी ही बर्कलीचीच पदवी असते, आत कुठल्या वर्षी आलात ते तिच्यावर छापत नाहीत. आणि बाबा सिलिकॉन व्हॅलीत काम करत असतील तर त्यांना एवढं नक्की सांगा की अ‍ॅपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाकने बर्कलीला जाण्याआधी क्युपर्टिनोच्या डी आन्झा कॉलेजात शिकून घेतलं होतं.

ही वाट कुणाच्या मेहेरबानीवर उभी नाही, ती मुद्दाम बांधलेली आहे. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. यूसीने (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया; बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो हे तिचेच कॅम्पस) हायस्कूलमधल्या वरच्या साडेबारा टक्के मुलांमधून निवड करायची, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने वरच्या एक तृतीयांशातून, आणि कम्युनिटी कॉलेजांनी दार सगळ्यांना उघडं ठेवायचं. पण त्यासोबत एक अट घातली: यूसीने शेवटच्या दोन वर्षांत जागा राखून ठेवायच्या, म्हणजे खालून वर येणाऱ्याला वाट राहील. आजही यूसीचं उद्दिष्ट दोन नव्या मुलांमागे एक ट्रान्सफर विद्यार्थी असंच आहे, आणि त्यात पहिला मान राज्यातल्या ११६ कम्युनिटी कॉलेजांच्या मुलांना. यूसीएलएचे आकडे घ्या. हायस्कूलमधून अर्ज करणाऱ्यांपैकी साधारण ९ टक्के आत जातात, ट्रान्सफरसाठी अर्ज करणाऱ्यांपैकी साधारण २५ टक्के. ट्रान्सफरने जे आत जातात त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतले असतात. म्हणून "आत्ता त्या खासगी विद्यापीठात जाऊ दे, वर्षाने बर्कलीला प्रयत्न करू" असा विचार मनात असेल तर तो सोडून द्या. त्या वाटेने जाणारा मुलगा रांगेत मागे उभा असतो.

आता दुसरी बाजू. राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२४ मध्ये याच विषयावर अहवाल दिला. कम्युनिटी कॉलेजात ट्रान्सफरच्या इराद्याने आलेल्या मुलांपैकी चार वर्षांत खरोखर ट्रान्सफर झालेली मुलं साधारण पाचात एक आहेत. पाचात एक! बाकीची चार हुशार नव्हती असं मुळीच नाही. कुणी आठवड्याला तीस तास नोकरी करत होतं, कुणाच्या घरी आजारपण होतं, आणि बरीचशी मुलं नुसती भरकटली. घेतलेले वर्ग उपयोगाचे नव्हते आणि उपयोगाचे वर्ग घेतलेले नव्हते. पहिल्या दोन कारणांपुढे माझा इलाज चालत नाही. तिसऱ्यापुढे चालतो, म्हणून पुढचं बरंचसं लिखाण त्याच्याविषयी आहे.

घोडं अडतं ते समजुतीत. घरचे म्हणतात, "आधी दोन वर्षं चांगले मार्क मिळव, मग बर्कलीला अर्ज कर." जणू ट्रान्सफर म्हणजे पुन्हा एकदा दिलेली बारावी. तसं नाही. मुलगा बर्कलीच्या एका ठरावीक विषयाच्या तिसऱ्या वर्षात प्रवेश मागत असतो. समोरचा माणूस एवढंच तपासतो की या विषयाची पहिली दोन वर्षं याने पूर्ण केली आहेत का आणि कशी केली आहेत. जीपीए, म्हणजे श्रेणींची सरासरी, चार पैकी चार असला तरी लागणाऱ्या सहा वर्गांपैकी दोन राहिले असतील तर अर्ज बाजूला पडतो. आणि ३.७ वाला, सगळे वर्ग झालेला मुलगा आत जातो. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पालकांना पहिल्या भेटीत तेच सांगते.

त्यासाठी असिस्ट नावाचं राज्याचं संकेतस्थळ आहे. एका बाजूला तुमचं कम्युनिटी कॉलेज निवडायचं, दुसऱ्या बाजूला यूसीचा कॅम्पस, मग विषय. पान उघडतं त्यात दोन रकाने असतात. डावीकडे विद्यापीठाला हवा असलेला वर्ग, उजवीकडे त्याच्या बदली तुमच्या कॉलेजातला चालणारा वर्ग. मुलं पहिल्यांदा माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना हे पान छापून देते आणि पेन्सिल हातात देते. झालेल्या वर्गावर बरोबरची खूण, चालू असलेल्यावर गोल. काही ओळींच्या उजवीकडे लिहिलेलं असतं की या वर्गाला तुमच्या कॉलेजात पर्यायच नाही. तिथे मुलं घाबरतात. घाबरायचं नाही. शेजारच्या कॉलेजात तो वर्ग आहे का ते असिस्टवरच बघायचं आणि एका सत्रासाठी तिथे जाऊन बसायचं. दोन कॉलेजांत एकाच वेळी नाव घालता येतं, कुणी अडवत नाही. मागच्या वर्षी एक मुलगा एका प्रोग्रॅमिंगच्या वर्गासाठी आठवड्यातून दोनदा बार्टने (बे एरियातली लोकल ट्रेन) दुसऱ्या गावी जायचा. त्या एका वर्गाने त्याचं पान पूर्ण झालं.

पण एकामागून एक करायच्या वर्गांची एक मालिका दोन कॉलेजांत मोडून घेऊ नका. डी आन्झा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर चालतात (वर्षात तीन छोटी सत्रं), आसपासची बहुतेक बाकीची सेमिस्टरवर (वर्षात दोन मोठी). सेमिस्टरवाल्या कॉलेजात जे कॅल्क्युलस तीन सत्रांत संपतं ते डी आन्झात चार क्वार्टरांत वाटलेलं असतं. दोन क्वार्टर करून मुलगा सेमिस्टरवाल्या कॉलेजात गेला की तो धड दुसऱ्या पायरीवर बसत नाही आणि तिसऱ्यावरही नाही. मधला एखादा धडा दोनदा होतो, दुसरा एकदाही होत नाही, आणि विद्यापीठ म्हणतं मालिका अपुरी आहे. भौतिकशास्त्राचंही तेच. जिथे सुरू केलं तिथेच संपवायचं.

तुमच्या मुलाचं कम्प्युटर सायन्स की इकॉनॉमिक्स हे ठरलेलं नाही, त्याची फार काळजी करू नका, मात्र निर्णयाला मुदत घाला. दोन्हींना कॅल्क्युलस लागतं, दोन्हींना इंग्रजी लेखनाचे वर्ग लागतात. पहिल्या सत्रात कॅल्क्युलस, इंग्रजी, प्रोग्रॅमिंगचा पहिला वर्ग आणि मायक्रोइकॉनॉमिक्स असं घेतलं तर दोन्ही दारं उघडी राहतात आणि मुलाला चवही कळते. पहिलं वर्ष संपेपर्यंत मात्र पक्कं करा, कारण कम्प्युटर सायन्सला पुढे मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, लिनियर अल्जेब्रा, अनेक ठिकाणी भौतिकशास्त्राची मालिका असं सगळं लागतं आणि ते एकावर एक रचलेलं असतं. दुसऱ्या वर्षी सुरू करून ते वेळेत बसत नाही.

आणि खरं सांगायचं तर बर्कली किंवा यूसीएलएचं कम्प्युटर सायन्स ट्रान्सफरनेही फार अवघड आहे. वर सांगितलेले २५ टक्के सगळ्या विषयांचे मिळून आहेत. कम्प्युटर सायन्सला ते प्रमाण कितीतरी खाली उतरतं, इतिहासासारख्या विषयाला कितीतरी वर जातं. यूसी दरवर्षी प्रत्येक कॅम्पसचे आकडे विषयवार जाहीर करतं: अर्ज किती, प्रवेश किती, आत गेलेल्यांचा जीपीए कुठून कुठपर्यंत. ते पान नवराबायकोने एकत्र बसून बघा. मग कुणीतरी सल्ला देईल की सोप्या विषयात आत शिरा आणि आत गेल्यावर कम्प्युटर सायन्सला बदलून घ्या. बर्कलीत ट्रान्सफर विद्यार्थ्याला ते दार जवळपास बंद आहे. ज्या विषयात अर्ज कराल त्यातच पदवी घ्यायची आहे असं धरून चाला. मुलाला इकॉनॉमिक्स मनापासून आवडत असेल तर ते काही दुय्यम निवडणं नव्हे, हे घरात मोठ्याने बोलून टाका. आपल्या घरांत मुलं हे बोलायला कचरतात.

सामान्य शिक्षणाचे वर्ग, म्हणजे कला, समाजशास्त्र, विज्ञान यांतले थोडे थोडे, यांचा एक ठरलेला संच असतो. पूर्वी त्याला आयगेटसी म्हणत, २०२५ च्या फॉलपासून (ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणारं सत्र) त्याच्या जागी कॅल-गेटसी आला. इकॉनॉमिक्सवाल्याने तो पूर्ण करावा, पुढे दगदग वाचते. इंजिनिअरिंग किंवा कम्प्युटर सायन्सवाल्याने आधी विषयाचे वर्ग घ्यावेत आणि जागा उरली तर हे. बर्कलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला तर तो संच पूर्ण केल्याचा उपयोगच नसतो. मुलं हे उलट करतात. सोपे वर्ग आधी संपवतात, जीपीए छान दिसतो, आणि दुसऱ्या वर्षी सगळं अवघड एकदम अंगावर येतं.

आता श्रेणींबद्दल, कारण इथे एक नियम आहे जो कुणीच वेळेवर सांगत नाही. डी किंवा एफ मिळाला तर तो वर्ग पुन्हा करता येतो आणि यूसी जीपीएत नवी श्रेणी धरतं. सी मिळाला तर नाही. सी म्हणजे उत्तीर्ण, तो तसाच राहतो. काही वर्षांपूर्वी एक मुलगी सत्राच्या दहाव्या आठवड्यात माझ्याकडे आली. रसायनशास्त्रात तिचा सी ठरल्यातच जमा होता. आजी इकडे आली होती, पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि हॉस्पिटलात दुभाषाचं काम हिच्यावर आलं. तरी ती म्हणत होती, "मॅडम, सोडणार नाही, बाबा म्हणतात हार मानायची नाही." मी तिला कॅलेंडर दाखवलं. वर्ग सोडून डब्ल्यू, म्हणजे वर्ग मधेच सोडल्याची नोंद, घेण्याची मुदत आणखी चार दिवस होती. डब्ल्यू जीपीएत धरत नाहीत. तिने तो घेतला, पुढच्या सत्रात वर्ग पुन्हा करून ए मिळवला, आणि अर्जात दोन ओळींत कारण लिहिलं. एका डब्ल्यूने काही बिघडत नाही. दर सत्रात एक असेल तर मात्र प्रश्न विचारले जातात. मुलाला पहिल्याच आठवड्यात दोन तारखा फोनमध्ये टाकायला सांगा: कुठलीच नोंद न राहता वर्ग सोडण्याची शेवटची तारीख आणि डब्ल्यूसह सोडण्याची.

हायस्कूलमधले गुण, ज्यांच्यामुळे नकार आला, ते इथे जीपीएत येत नाहीत. एसएटी ही प्रवेशपरीक्षाही यूसी बघत नाही. अपवाद एकच: हायस्कूलमध्ये असताना मुलाने कम्युनिटी कॉलेजातला एखादा वर्ग केला असेल, उन्हाळ्यात वगैरे, तर तो कॉलेजचाच वर्ग मानतात आणि अर्जात दाखवावाच लागतो. दहावीच्या सुट्टीत गंमत म्हणून घेतलेला आणि अर्धवट सोडलेला वर्ग चार वर्षांनी समोर उभा राहिलेला मी पाहिलाय. आत्ताच आठवून ठेवा.

किमान अट ऐकायला सोपी आहे. ६० सेमिस्टर युनिट्स, म्हणजे क्रेडिट्स (क्वार्टरचे असतील तर ९०), इंग्रजी लेखनाचे दोन वर्ग, गणिताचा एक, बाकी चार ठरावीक क्षेत्रांतले, आणि राज्यातल्या रहिवाशाला जीपीए किमान २.४. हा आकडा वाचून निर्धास्त होऊ नका. त्याने अर्जाच्या रांगेत उभं राहता येतं, एवढंच. बर्कलीच्या लोकप्रिय विषयांना आत जाणाऱ्यांचे जीपीए ३.८ च्या पुढे सहज असतात. आणि हे सगळं ज्या वर्षी जायचं त्या वर्षीच्या स्प्रिंग सत्राअखेर (मे-जूनपर्यंत) व्हायला हवं. मधल्या शेवटच्या उन्हाळ्यात उरलेला वर्ग उरकू म्हणाल तर बर्कली आणि यूसीएलए तो धरत नाहीत.

तारखा अशा. सप्टेंबरचा पूर्ण महिना टॅगसाठी. टॅग म्हणजे लेखी हमी. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रुझ या सहा कॅम्पसांपैकी एकाशी मुलगा करार करतो की ठरलेले वर्ग आणि ठरलेला जीपीए पूर्ण केला तर जागा पक्की. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो टॅग देत नाहीत. काही कॅम्पसांवर काही विषयांनाही मिळत नाही, उदाहरणार्थ सांता बार्बराच्या इंजिनिअरिंगला. टॅग एकच करता येतो, पण टॅग केला म्हणून बर्कलीला अर्ज करायला बंदी नाही. तुमच्या मुलाने टॅग केलाच पाहिजे असं मी म्हणेन. यूसीएलएचा विचार असेल तर कॉलेजात ऑनर्सचा कार्यक्रम आहे का आणि तो यूसीएलएच्या टॅप योजनेत आहे का ते बघा, त्याने तिथल्या अर्जाला अग्रक्रम मिळतो.

टॅगनंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुख्य अर्ज. शेवटची तारीख वर्षानुवर्षं ३० नोव्हेंबर असायची, हल्ली एखाद-दोन दिवस पुढे सरकते. जानेवारीअखेर फॉलच्या श्रेणी आणि स्प्रिंगचे वर्ग कळवायचे, आणि हे विसरणारी मुलं दरवर्षी असतात. एप्रिलअखेर बर्कली-यूसीएलएचा निकाल, १ जूनपर्यंत होकार. हिशेब करा: मुलगा ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू करणार, आणि पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अर्ज देणार. अर्ज देताना हातात पूर्ण श्रेणी फक्त एका वर्षाच्या, फार तर मधल्या एका उन्हाळ्याच्या. म्हणून मी पहिल्या सत्राविषयी इतकं जीव तोडून सांगते. "रुळायला एक सत्र लागतं" ही चैन या वाटेवर नाही.

अर्जात शिफारसपत्रं मागत नाहीत. चार छोटी उत्तरं लिहायची, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. त्यातलं एक सगळ्यांना सक्तीचं: निवडलेल्या विषयासाठी तुम्ही स्वतःला कसं तयार केलंत? इथे मुलं निबंध लिहितात. एका मुलीने इकॉनॉमिक्ससाठी लिहून आणलं होतं, "लहानपणापासून मला बाजारपेठा समजून घेण्याची ओढ होती." मी तिला विचारलं, शनिवार-रविवार काय करतेस? ती एका देशी किराणा दुकानात गल्ल्यावर बसायची. एप्रिल-मेमध्ये विमानाने हापूस-केसरच्या पेट्या येतात. मालक पहिल्या दिवशी चढा भाव लावायचा, तिसऱ्या दिवशी आंब्यावर डाग दिसायला लागले की उतरवायचा. हिने पावतीच्या कोऱ्या बाजूंवर दोन हंगाम रोज किती पेट्या गेल्या ते लिहून ठेवलं होतं, नुसतं कुतूहल म्हणून. पुढे स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात तिने तेच आकडे मांडले आणि मालकाला दाखवलं की भाव दुसऱ्याच दिवशी थोडा उतरवला तर एकूण पैसे जास्त येतात. मालकाने ऐकलं. मी म्हटलं, अगं, हे लिही! ते कुठलं मोठं काम, असं तिला वाटत होतं. "ओढ होती" ते वाक्य काढून टाकलं आणि उत्तर पहिल्या पेटीपासून सुरू केलं. तुमच्या मुलाला आत्तापासून सांगा की वर्गात जे शिकतोस ते बाहेर कुठे दिसलं, कुठे वापरलंस, ते वहीत टिपून ठेव. नोव्हेंबरमध्ये आठवत नाही.

खासगी विद्यापीठांबद्दल थोडक्यात. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे यूएससी, ट्रान्सफर मुलं मोठ्या संख्येने घेतं. तिथे अर्ज जरूर करावा. स्टॅनफर्डचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आहे. प्रिन्स्टनने १९९० पासून ट्रान्सफर बंद ठेवलं होतं ते २०१८ मध्ये पुन्हा सुरू केलं, कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवूनच, पण जागा बोटावर मोजण्याइतक्या. या ठिकाणी बहुधा हायस्कूलची गुणपत्रिका आणि प्राध्यापकांची पत्रं लागतात, मुदती फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. असिस्टसारखा करार तिथे नाही. करायचं तर यूसीचा अर्ज गेल्यावर करावं, त्यापायी यूसीचे वर्ग सोडू नयेत.

आता व्हिसा, जो तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलाय पण तुमच्या घरात तो पहिला प्रश्न असायला हवा. एच-४ (एच-१बी वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वरचा मुलगा २१ वर्षांचा झाला की तो दर्जा संपतो. आज १८ चा आहे, ट्रान्सफर होईल तेव्हा २० चा, म्हणजे बर्कलीत असतानाच २१ चा. ग्रीन कार्ड त्याआधी आलं नाही तर एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घ्यावा लागेल. याचा थेट संबंध फीशी आहे. तुम्ही कॅलिफोर्नियात वर्षाहून जास्त काळ स्थायिक असाल तर एच-४ वरच्या मुलालाही रहिवाशाची फी लागू शकते. कम्युनिटी कॉलेजात ती युनिटला ४६ डॉलर आहे, साठ युनिट्सचे २,७६० डॉलर. यूसीत रहिवाशाला वर्षाची फी १५ हजारांच्या पुढे, पण बाहेरच्या विद्यार्थ्याला त्यावर आणखी ३५ हजारांहून जास्त. एफ-१ वरचा विद्यार्थी सहसा बाहेरचा मानला जातो. दुसऱ्या बाजूने बघा, एच-४ वर मुलाला पगारी काम करता येत नाही, इंटर्नशिपही नाही. एफ-१ वर नियमांच्या चौकटीत करता येतं. त्यामुळे काही घरं २१ च्या आधीच मुद्दाम एफ-१ करतात, काही शेवटच्या दिवसापर्यंत थांबतात. दोन्ही निर्णय योग्य असू शकतात. तुम्ही मात्र आत्ता इमिग्रेशन वकिलाला आणि नंतर त्या-त्या कॅम्पसच्या रेसिडेन्सी कार्यालयाला लेखी विचारा. हे गप्पांत ऐकलेल्या माहितीवर ठरवू नका, माझ्याही नाही. केंद्र सरकारची आर्थिक मदत एच-४ ला मिळत नाही, तेही बजेटात धरून ठेवा.

तिथे पोचल्यावर काय होतं तेही सांगते, म्हणजे घाबरायला होणार नाही. पहिल्या सत्रात बर्कलीत श्रेणी खाली येतात, बहुतेकांच्या. तीसजणांच्या वर्गातून पाचशेजणांच्या सभागृहात गेल्यावर, जिथे आजूबाजूचे सगळे त्या परीक्षांना दोन वर्षांपासून सरावलेले आहेत, तसं होणारच. दुसऱ्या सत्रात गाडी रुळावर येते. यूसीत आलेली ट्रान्सफर मुलं पदवी पूर्ण करण्यात मागे पडत नाहीत. अडचण वेळेची असते. पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात, म्हणजे मुलगा वसतिगृहात गादी लावतोय तोवर. बायोडेटा आधीच्या उन्हाळ्यातच तयार हवा.

राहता राहिलं ते या महिन्याचं काम. कॉलेजात ऑनलाइन अर्ज करा, त्याला पैसे पडत नाहीत. ओरिएंटेशन उरकून काउन्सेलरची वेळ घ्या आणि दोन वर्षांचा एज्युकेशन प्लॅन लेखी करून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या वेळा मिळत नाहीत, मेमध्ये मिळतात. नव्या मुलांना नोंदणीची तारीख उशिरा मिळते, त्यामुळे कॅल्क्युलसचा वर्ग बहुधा भरलेला दिसेल. मुलगा निराश होऊन त्याजागी भलताच वर्ग घेईल, तसं करू देऊ नका. वेटलिस्टवर नाव घालायचं, पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी जाऊन पुढच्या रांगेत बसायचं, आणि तास संपल्यावर प्राध्यापकांकडे अ‍ॅड कोड (भरलेल्या वर्गात नाव घालायचा क्रमांक) मागायचा. पहिल्या दोन तासांना न आलेल्यांची नावं कमी होतात आणि जागा निघतात. पहिल्या दिवशी मिळाला नाही तर दुसऱ्या तासालाही जायचं, गृहपाठ करून.